कापसाची ट्रॉली ट्रॅक्टरला कुठे जोडावी?

हिंगणघाट किंवा वणीच्या बाजारात कापूस नेताना ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागील, खालच्या पक्क्या हूकलाच जोडावी. टॉप लिंकच्या (अवजारे जोडायच्या मागच्या वरच्या दांड्याच्या) जागी जोडून ओढ मागच्या आसाच्या वर आली, तर चढावर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. दोन चाकांच्या ट्रॉलीचा थोडा भार हूकवर यावा लागतो, म्हणून माल चाकांच्या किंचित पुढे जड ठेवावा; मागे जास्त भरल्यास हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते, जे काळ्या मातीच्या ओल्या पांदणीत फारच महागात पडते. पिन भोकात ढिली नसावी आणि तिला खालून लॉक हवेच; गावोगाव दिसणारा तारेचा तुकडा म्हणजे लॉक नव्हे. सोबत मजबूत साखळीही बांधावी.