कॉलेजात नवीन आहात? लेखनिक, जादा वेळ आणि बाकीच्या सोयी कशा मिळवायच्या

ऍडमिशन झाली, आयकार्डवरचा फोटो नेहमीसारखा वाईट आला, आणि तुम्हाला वाटतंय की फॉर्मवर 'दिव्यांग' च्या रकान्यात टिक केलीये म्हणजे कॉलेजला कळलं असेलच, गरज पडली की ते विचारतील. नाही विचारत. मला लो व्हिजन आहे, म्हणजे चष्मा लावूनही नीट दिसत नाही, मी पण पहिल्या सेमला हेच धरून बसले होते, आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी परीक्षा विभागात गेले तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे तुमचं काहीच आलेलं नाही." कारण ती टिक ऍडमिशन सेक्शनच्या फाईलीत होती आणि परीक्षा विभाग वरच्या मजल्यावर. मधला जिना कागद आपणहून चढत नाहीत. तो पेपर मी लेखनिकाशिवाय (म्हणजे आपण सांगू ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा माणूस), जादा वेळेशिवाय लिहिला, शेवटचे दोन प्रश्न वाचायलाच मिळाले नाहीत. म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाका. दहावी-बारावीला बोर्डाने जी परवानगी दिली होती ती कॉलेजात चालत नाही. बोर्ड वेगळं, विद्यापीठ वेगळं, नव्याने अर्ज करावा लागतो. शाळेत बाई सगळं बघायच्या, आई जाऊन सही करून यायची, इथे अर्जदार तुम्ही. जुनं परवानगीपत्र मात्र फेकू नका, नव्या अर्जाला जोडायला फार उपयोगी पडतं, कारण समोरच्याला दिसतं की हे आजच उपटलेलं नाहीये.

कागदात मुख्य म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. कार्डावरच्या पट्टीचा रंग टक्केवारीप्रमाणे असतो, ४० टक्क्यांच्या खाली पांढरी, ४० पासून पिवळी, ८० पासून निळी. कार्ड यायला वेळ लागला तर थांबून राहू नका, अर्जाची पावती आणि डॉक्टरांचे रिपोर्ट लावून कॉलेजला अर्ज देऊन टाका, कार्ड नंतर जोडता येतं. आणि लर्निंग डिसॅबिलिटी (वाचताना, लिहिताना किंवा गणितात अडचण) असणाऱ्यांनी तारखा नीट बघा, लहानपणीचं प्रमाणपत्र कायमचं नसतं, १४ व्या आणि मग १८ व्या वर्षी परत तपासणी असते, आणि ही १८ वी वाली नेमकी ऍडमिशनच्या धावपळीत येते.

'मी यात बसतो का' हा प्रश्न बरेच जण मला विचारतात. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ आहेत. त्यात ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हे पण येतं. सिकल सेलच्या मुलीला दर थोड्या दिवसांनी दुखणं उठतं, हजेरी बुडते, आणि तिला वाटतं की दिव्यांग म्हणजे व्हीलचेअर, आपण कसं मागायचं. मागा की. सरकारी आणि अनुदानित कॉलेजातलं ५ टक्के आरक्षण ४० टक्के आणि त्याच्या वरच्यांना आहे हे खरं, पण सोयींचं गणित तेवढंच नाही. ११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये सांगितलं की लेखनिक मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे पेन धरलं की हात आखडतो. काउंटरवर "चाळीसच्या खाली आहे, नाही मिळणार" असं ऐकलं तर हे नाव लक्षात ठेवा.

आता अर्ज. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी, की अर्जात आजाराचं नाव मोठ्ठं लिहितात आणि खाली "तरी योग्य ती सवलत मिळावी ही विनंती". योग्य ती म्हणजे कोणती हे क्लार्कला कुठून कळणार? अर्ज लिहायच्या आधी एक दिवस कॉलेजात फिरा आणि कुठे अडतं ते मोबाईलवर टिपत जा. फळा दिसत नाही. सर पाठ करून बोलतात तेव्हा ओठ दिसत नाहीत म्हणून काही समजत नाही. लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला. सलग तीन तास लिहिलं की हात सुजतो. प्रत्येक अडचणीपुढे काय केलं तर चालेल ते लिहा, झाला तुमचा अर्ज. साधारण असा :

"मी प्रथम वर्ष बी.ए., रोल नंबर अमुक. मला लो व्हिजन आहे, यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. पहिल्या बाकावरूनही मला फळा वाचता येत नाही आणि छापील मजकूर वाचायला वेळ लागतो. त्यामुळे मला अंतर्गत आणि सत्र दोन्ही परीक्षांना लेखनिक व जादा वेळ, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, आणि नोट्स टाईप केलेल्या फाईलमध्ये मिळाव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १७ मध्ये लेखनिक व जादा वेळेचा उल्लेख आहे. निर्णय लेखी कळवावा."

अंतर्गत हा शब्द मुद्दाम टाका. नाहीतर सत्र परीक्षेला सगळं मिळतं आणि वीस मार्कांच्या इंटर्नलला सर म्हणतात की ते विद्यापीठाचं, आमच्या वर्गात तसलं काही नाही. प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेचं पण आत्ताच लिहून टाका, बोलताना अडखळणाऱ्याला किंवा ऐकू कमी येणाऱ्याला तोंडी परीक्षा हीच खरी डोकेदुखी असते.

अर्ज प्राचार्यांच्या नावाने, प्रत परीक्षा विभागाला, प्रत एचओडींना म्हणजे तुमच्या विभागप्रमुखांना, आणि कॉलेजात समान संधी कक्ष असेल तर त्यांना. काही ठिकाणी हा कक्ष खरंच काम करतो, काही ठिकाणी दारावर पाटी आहे आणि आत जुने बाक रचलेत. दोन्ही ठिकाणी प्रत द्या. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, आवक क्रमांक घ्या! तुमच्याकडच्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर, सही. "ठेवून जा, मी देतो साहेबांना" म्हणणारा माणूस कितीही गोड असला तरी शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही, माझा पहिला कागद असल्याच एका गोड माणसाने हरवला. त्याच दिवशी अर्जाचा फोटो ईमेलने पण पाठवा, तारखेसकट पुरावा राहतो. कधी द्यायचा? कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, परीक्षा फॉर्म भरायची वाट बघू नका. आणि एक विचारून ठेवा, कॉलेज स्वायत्त आहे की नुसतं संलग्न. स्वायत्त असेल तर परवानगी कॉलेजातच होते, संलग्न असेल तर सत्र परीक्षेचा कागद विद्यापीठाच्या परीक्षा विभागापर्यंत जावा लागतो, तो गेला का हे तुम्हालाच फोन करून विचारत राहायचंय.

लेखनिकावर जरा जास्त बोलते कारण गोंधळ तिथेच होतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला कमीत कमी २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. हा वेळ लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या पात्र विद्यार्थ्यालाही आहे, हे कित्येक सुपरवायझरना माहीत नसतं. स्वतःचा लेखनिक आणणार असाल तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली हवं असं २०१८ च्या सूचनांत होतं, आता किती खाली हवं ते विचारून घ्या. परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिक दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटायला मिळावं असंही त्यात होतं. भाषांच्या पेपरांना वेगवेगळे लेखनिक घेता येतात. या सूचना मधूनमधून बदलतात आणि विद्यापीठं आपापली परिपत्रकं काढतात, तेव्हा परीक्षा विभागातून चालू वर्षाचं परिपत्रक मागून घ्या, व्हॉट्सऍपवर फिरणारा जुना पीडीएफ दाखवून भांडायला जाऊ नका.

कागदावरचं झालं, आता माणूस शोधायचं. खालच्या वर्गातलं म्हणजे प्रथम वर्षाला अकरावी-बारावीचं कुणीतरी, आणि त्यांची परीक्षा तुमच्याच दिवसात येते, हमखास. म्हणून एक पक्का आणि दोन राखीव असे तिघं आधीच बोलून ठेवा, तिघांचे आयकार्ड आणि मार्कशीट फोनमध्ये. मराठीत पेपर लिहिणार असाल तर लेखनिकाला देवनागरी भरभर लिहिता येतं का ते बघाच. माझी एक लेखनिक अभ्यासात हुशार, पण इंग्लिश मीडियमची, 'राष्ट्र' शब्दाला थांबली आणि मला म्हणते ताई स्पेलिंग सांगा. जोडाक्षरांचं स्पेलिंग सांगत बसलं की जादा वेळ तिथेच जातो. निदान दोन जुने पेपर घड्याळ लावून सोबत सोडवा. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, आपलं डोकं पुढच्या वाक्यावर असतं आणि लेखनिक मागच्यावर, मग आपण थांबतो आणि काय सांगत होतो तेच विसरतो. मी तुकड्या-तुकड्यात सांगायला शिकले, स्वल्पविराम, नवीन परिच्छेद, अधोरेखित, सगळं तोंडाने. कम्प्युटरवर टाईप करून उत्तरं देता येत असतील तर तो पर्याय पण अर्जात मागा, लेखनिकाच्या मागे धावणं वाचतं.

वर्गातलं त्या मानाने सोपं, कारण तिथे बहुतेक गोष्टी शिक्षकाशी बोलून होतात. तासाच्या आधी सगळ्यांसमोर जाऊ नका, तास संपल्यावर बाहेर गाठा, दोन वाक्यांत सांगा, "सर मला फळा दिसत नाही, लिहिताना मोठ्याने वाचलंत तर जमेल मला." पूर्ण मेडिकल हिस्टरी द्यायची गरज नाही, आजाराचं नाव पण सांगायला हवं असं नाही, काय हवंय तेवढं सांगा. बहुतेक जण हो म्हणतात आणि चौथ्या दिवशी विसरतात, परत आठवण करायची, लाजायचं नाही.

नोट्सचं एक खास आपलं दुखणं आहे. स्कॅन केलेला पीडीएफ स्क्रीन रीडरला (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) फक्त चित्र दिसतो हे आता लोकांना कळायला लागलंय, पण मराठी नोट्स श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाईप केलेल्या असतील तर स्क्रीन रीडर त्यातून भलतीच अक्षरं वाचतो, एकेकदा हसू येतं, मग रडू. त्यामुळे "सॉफ्ट कॉपी द्या" एवढं बोलून भागत नाही, युनिकोडमधली (म्हणजे कुठल्याही कम्प्युटरला ओळखता येतील अशा अक्षरांतली) वर्ड फाईल द्या असं म्हणा. स्क्रीन रीडर म्हणून एनव्हीडीए फुकट आहे, मराठी वाचतो. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय बघा, ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठीची ऑनलाइन लायब्ररी आहे. ऐकू कमी येणाऱ्यांनी अँड्रॉइडवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब वापरून बघा, मराठी घेतं, पण वर्गात गोंगाट असला की कायच्या काय लिहितं, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका, शेजारणीच्या वहीचा फोटो मागून ठेवा.

जिना आणि लिफ्टचं सांगायचं तर रॅम्प बांधा म्हटलं की कॉलेज बजेट सांगायला लागतं, त्या वादात तुमचं वर्ष जाईल. आधी "आमच्या वर्गाचे तास तळमजल्यावर घ्या" हे मागा, ते फक्त टाइमटेबल बदलून होतं. रॅम्पचा अर्ज वेगळा करा, तो चालू राहू दे.

नकार आला तर? तोंडी नकार हा नकारच नाही, "हेच लिहून द्या" म्हणायचं. निम्म्या वेळा इथेच काम होतं, कारण लिहून द्यायला कुणी तयार नसतं. लिहून दिलंच तर तो कागद घेऊन प्राचार्य, मग विद्यापीठ. सरकारी संस्थांना २०१६ च्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव विचारा. त्यापुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त, महाराष्ट्रात ते कार्यालय पुण्यात आहे. तुमच्या अर्जाचं काय झालं एवढंच कळत नसेल तर सरकारी किंवा अनुदानित ठिकाणी १० रुपयांत माहितीचा अधिकार टाकता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण खरं सांगू, परीक्षा पंधरा दिवसांवर असताना यातलं काहीच वेळेत होत नाही. तेव्हा सरळ परीक्षा विभागप्रमुखांच्या दारात जाऊन बसायचं, आवक नंबरवाली प्रत हातात घेऊन.

परीक्षेच्या दिवशी परवानगीपत्राच्या तीन झेरॉक्स, लेखनिकाचं आयकार्ड आणि त्याचा फोटो असं सगळं एका प्लास्टिक फोल्डरमध्ये. केंद्र दुसऱ्या कॉलेजात आलं असेल तर आदल्या दिवशी जाऊन तिथल्या केंद्रप्रमुखांना पत्र दाखवून या, खोली कुठली ते बघून या, तळमजल्याची मागा. पेपर सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरकडून संपायची वेळ वदवून घ्या, "माझा पेपर दोनला संपतो ना?" असं. नाहीतर एक वाजता बाकीची मुलं उठली की तेही तुमचा पेपर ओढायला येतात, आणि तेव्हा वाद घालत बसलात तर तुमचीच मिनिटं जातात.

निकालानंतर फाईल बंद करू नका. बऱ्याच ठिकाणी परवानगी फक्त एका सेमची असते, दुसऱ्या सेमला तोच अर्ज तारीख बदलून, मागचं परवानगीपत्र जोडून परत द्यायचा, परत शिक्का घ्यायचा.