गाडी पुसताना या चुका टाळा, निम्मे चरे पडणारच नाहीत

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यात वाळवा-पलूसकडे अंगणात लावलेल्या गाडीवर सकाळी काळी राख उतरलेली असते. कधी कारखान्याच्या धुराड्यातली, कधी शेजारच्या रानात पेटवलेल्या पाचटाची. मग कुणीतरी डिकीतलं जुनं बनियन काढतं आणि ऑफिसला निघायच्या घाईत कोरडंच बोनेटवर फिरवतं. दुपारच्या उन्हात त्याच बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे चमकतात, आणि दोष जातो कंपनीच्या रंगाला.

उसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे बारीक वाळूच ती. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस बहुधा त्याहून जाड भरेल. त्यावर कोरडी राख घासली की काय होणार? मऊ डस्टरनेही तेच होतं. घाई असेल तर काचा तेवढ्या पाणी मारून पुसा आणि निघा. एखादा दिवस राख राहिली म्हणून रंगाचं काही बिघडत नाही. मात्र दव पडून पडून ती आठवडाभर बसू देऊ नका, डाग धरते.

सुट्टीच्या दिवशी आधी नुसतं पाणी, टपापासून खाली. राख, धूळ जेवढी वाहून जाईल तेवढी जाऊ द्या, मगच शॅम्पू. बादल्या दोन हव्यात: एकीत शॅम्पू, दुसरीत फडकं खळबळून घ्यायला साधं पाणी. एकाच बादलीत बुडवत राहिलात तर निघालेली वाळू परत बोनेटवर जाते. कपड्याची पावडर आणि भांड्याचं लिक्विड नको, रंगावर वॅक्स लावलं असेल तर तेही धुऊन निघतं. चाकांचं फडकं कायम वेगळं, ब्रेकची लोखंडी भुकटी त्यात अडकून बसते. आणि हातातून खाली पडलेलं फडकं झटकून पुन्हा वापरायचं नाही.

बारीक जागांवर खरी वाट लागते. लोगो, डिकीवरची अक्षरं, पुढची जाळी, पेट्रोलच्या झाकणाची कड. तिथे आपली काळी माती एकदा वाळून बसली की दगड होते. लोक दातांचा जुना ब्रश घेऊन भिडतात, आणि अक्षरांभोवती बारीक रेघांचं कुंपण उमटतं. त्यापेक्षा ओलं फडकं पाच-दहा मिनिटं दाबून ठेवा, माती फुगून सुटते. मग दाढीचा मऊ ब्रश शॅम्पूत बुडवून हलक्या हाताने फिरवा. ब्रशच्या मुठीला धातूची कडी असेल तर तिला आधी चिकटपट्टी गुंडाळा; केस मऊ असले तरी ओरखडा ती कडीच काढते. दाराच्या हँडलमागच्या खळगीतले नखांचे चरेही तपासून घ्या. चऱ्यावरून नख फिरवून अडकलं नाही, तर पॉलिशने बहुधा जाईल. अडकलं, तर जाणकाराला दाखवा. टूथपेस्ट मात्र लावू नका, तीही घासणारीच.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप लोगोला टेकवून मारत असतील तर बिनधास्त टोका. निदान दीड फूट अंतर हवं, विशेषतः जिथे रंगाला टचअप केलाय तिथे, पोपडा उडतो.

बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके ही इकडची आणखी एक डोकेदुखी. भर उन्हात गाडी धुऊ नका, आणि धुतल्यावर पाणी अंगावर वाळू न देता मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्या. ठिपके पडलेच, तर पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून सावलीत, गार पत्र्यावर लावा आणि मिनिटभरात धुऊन टाका. डांबराच्या शिंतोड्यांना ते काढायचं तयार लिक्विड मिळतं; रॉकेलने डांबर निघतं, पण तेलकट थर मागे राहतो आणि धूळ धरतो.

आता खंडेनवमीचं. सांगलीसारख्या हळदीच्या बाजारपेठेत गाडीच्या पूजेला हात आखडता कोण घेणार! पण पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहिला म्हणून काथ्या चालवू नका. शॅम्पूने धुवा, उरलेली पिवळी छटा थोड्या दिवसांत उन्हानेच फिकी पडते. कुंकू मात्र वाळण्याआधी ओल्या फडक्याने उचला. हार घेताना तारेत ओवलेला न घेता दोऱ्यातला मागा. गाडी सुरू झाली की तारेचं टोक वाऱ्याने हलून बोनेटची कड खरवडत राहतं.