सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं, आता काय करायचं?

रिपोर्टमधला ‘ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २’ यकृतात चरबी किती दिसते एवढंच सांगतो. यकृतावर व्रण पडू लागलेत का, हे त्यातून कळत नाही. आणि पुढचा धोका ठरतो तो व्रणांवरूनच. म्हणून ग्रेड १ पाहून निर्धास्त होऊ नका, ग्रेड २ पाहून हातपायही गाळू नका.

आधी एफआयबी-४ काढा, म्हणजे वय आणि रक्ततपासणीतल्या आकड्यांवरून व्रणांचा अंदाज देणारा हिशोब. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या रक्ततपासणीत मोजली जाणारी एन्झाइम्स. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेट्सना (हजारांत) एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स २ लाख असतील, तर २००० भागिले १४०० म्हणजे १.४३. उत्तर १.३ च्या खाली (पासष्टीनंतर २ च्या खाली) असेल तर गंभीर व्रणांची शक्यता कमी. वर असेल तर डॉक्टरांना दाखवून फायब्रोस्कॅनचं (यकृत किती कडक झालंय हे पोटावरूनच मोजणारी तपासणी) विचारा. पस्तिशीच्या आत हा हिशोब भरवशाचा नाही. वरच्या उदाहरणात एकही आकडा भडक नाही, तरी पुढची तपासणी लागतेच!

कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर म्हणजे पोटात चरबी साठतेय. अंगाने बारीक माणसालाही फॅटी लिव्हर होतं.

सर्वात आधी हात घालावा तो साखरेला. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृतातच जिरतो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी बनते. दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर झाली. गूळ घातला म्हणून सुटका नाही. फळ चावून खा, रस काढू नका. जेवणात एकच भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, आणि अर्धं ताट भाजी-कोशिंबीर. चौघांच्या घरात तेल महिन्याला २ लिटर. दारू पूर्ण बंद.

वजन ८० किलो असेल तर ४ किलो उतरल्यावर यकृतातली चरबी घटू लागते. यकृताची सूज उतरायला साधारण ६ ते ८ किलो लागतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. कडक उपासाने झपाट्याने वजन उतरवलं तर शरीरातली चरबी यकृताकडेच धावते, पित्ताशयात खडेही होतात. आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं, धाप लागेल इतकं भरभर चाला.

‘लिव्हर साफ’ करणारे काढे मनाने घेऊ नका. कोविडकाळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.