पन्नाशीत डेटिंग अ‍ॅप निवडताना आधी माणसं मोजा

मी नाशिकची. वय 51, घटस्फोटाला नऊ वर्षं झाली, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी. गेल्या दीड वर्षात चार डेटिंग अ‍ॅप आणि एक विवाहस्थळांची साइट वापरून झाली. मैत्रिणी दबक्या आवाजात "कुठलं घेऊ गं?" विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

अ‍ॅप घेण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावा. लग्न करायचंय, की रविवारी चहाला कोणीतरी हवंय? लग्नच करायचं असेल तर सरळ विवाहस्थळांच्या साइटवर जा. घटस्फोटित, विधुर, मुलं आहेत का, सोबत राहतात का, हे सगळं तिथे आधीच गाळून घेता येतं. फक्त पत्रिका, पोटजात आणि पगार काही सुटत नाहीत. मला फोन यायचे तेही मुलाच्या वहिनीचे. 'मुलगा' 56 वर्षांचा. मी तीन आठवड्यांत बाहेर पडले.

आता अ‍ॅप. टिंडर 2012 पासूनचं, त्यामुळे गर्दी भरपूर, पण गर्दीचं वय आपल्या मुलांचं. बंबलवर स्त्री-पुरुषाची जोडी जुळली की पहिला मेसेज बाईनं करायचा आणि तोही 24 तासांत, नाहीतर जोडी मोडते. 2024 पासून तिथे आपण एक प्रश्न आधीच लिहून ठेवू शकतो, मग पुरुष त्याचं उत्तर देऊन सुरुवात करतात. दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारखीला हे फार सोयीचं पडलं. माझा प्रश्न: "घरी स्वयंपाक कोण करतं?" उत्तरांवरून निम्मी निवड होऊन जाते. हिंजवर नुसतं 'आवडलं' म्हणून भागत नाही, कुठला फोटो किंवा कुठलं उत्तर आवडलं ते दाखवावं लागतं. त्यामुळे प्रोफाइल वाचणारा आणि नुसतं बोट फिरवणारा यांतला फरक लगेच कळतो. आइल हे 2014 मध्ये आपल्याकडेच सुरू झालेलं, नुसत्या टाइमपासपेक्षा गंभीर नातं शोधणाऱ्यांसाठीचं. आणि ग्लीडन हे नाव कानावर आलं असेल तर लक्षात ठेवा, ते मुळात विवाहितांच्या बाहेरच्या भानगडींसाठीच आहे. अजाणतेपणी तिकडे जाऊ नका.

पण ही वैशिष्ट्यं वाचून मी फसलेच. खरी कसोटी वेगळी आहे: आपल्या वयाची माणसं तिथे आहेत का? रविवारी संध्याकाळी एक पैसाही न भरता बसा, वय 45 ते 58 लावा, अंतर 30 किलोमीटर ठेवा आणि मोजा. एका अ‍ॅपवर माझी यादी चहा निवायच्या आत संपली. सतरा जण. त्यातले दोघे ओळखीचे निघाले. एक आमच्याच कॉलेजचे प्राध्यापक, वय लिहिलेलं 46. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत त्यांच्या! तेव्हा मोजणी करण्याआधी टिंडर, बंबल, हिंज यांच्या सेटिंगमध्ये जाऊन फोनमधले नातेवाईक आणि ऑफिसचे नंबर ब्लॉक करून घ्या. ही सोय मला नंतर कळली.

यादी छोटी निघाली तर मन खट्टू करून घेऊ नका. पन्नाशीचे कितीतरी पुरुष वयाची मर्यादा 42 ला बंद करतात. त्यांना आपण दिसतच नाही, त्यामुळे त्यांनी नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. मग अंतर वाढवा, पण डोळे उघडे ठेवून. अ‍ॅप अंतर सरळ रेषेत मोजतं, कसारा घाट त्याला ठाऊक नाही. मी हिशेब गाड्यांवर लावला: पंचवटी एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येईल तिथपर्यंत. म्हणजे कल्याण, ठाणे, दादर. पुणे मी काढून टाकलं, कारण नाशिक-पुणे रस्त्यावर दिवस घालवण्याइतका कोणीही देखणा नसतो.

पैसे भरायचेच तर सगळ्यात कमी मुदतीचे भरा आणि भरल्याच्या दिवशीच ऑटोपे बंद करा. फोनवरून अ‍ॅप काढलं म्हणजे वर्गणी थांबली, असं मी समजत होते. तीन महिने पैसे कापले गेले. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून सबस्क्रिप्शनमध्ये जायचं, तिथून रद्द करायचं.

माणूस आवडला की दोन-तीन दिवसांत मी दोन गोष्टी करते. 'सेपरेटेड' लिहिलं असेल तर कोर्टाची ऑर्डर हातात आली का, ते विचारते. रागावणारा आपोआप गळतो. आणि व्हिडिओ कॉल मागते. परदेशातला डॉक्टर, जहाजावरचा इंजिनिअर यांचा कॅमेरा नेमका बिघडलेला असतो, पुढे त्यांचं पार्सल कस्टममध्ये अडकतं किंवा ते शेअरचं एखादं भारी अ‍ॅप सुचवतात. एक रुपयाही द्यायचा नाही. दिलाच असेल तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

पहिली भेट सकाळी, मिसळीवर. जागा आपण ठरवायची. त्यानं सुचवलेल्या अनोळखी कॅफेत जायचं नाही, तिथे भरमसाट बिल गळ्यात मारायचे प्रकार मुंबई-दिल्लीत झालेत. मिसळ पाऊण तासात संपते, नको असेल तर उठता येतं, बिल अर्धं-अर्धं करायला जड नाही. शिवाय जादा रस्सा मागताना माणूस वेटरशी कसा बोलतो ते दिसतं.

सध्या मी एकाच अ‍ॅपवर आहे, बंबलवर, तेही फुकटात. स्वयंपाकाच्या प्रश्नाला "कुकर मी लावतो, पोळ्या विकत" असं उत्तर देणारे एक ठाण्याचे गृहस्थ आहेत. येत्या शनिवारचं पंचवटीचं तिकीट काढलंय.