हृदय बंद पडल्यानंतर मेंदूला थंडावा देताना या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२च्या पुढे गेला की रस्त्यात कोसळलेल्या माणसाबद्दल सगळ्यांचं निदान एकच असतं : ऊन लागलं. मग डोक्यावर पाणी, नाकाला कांदा. ऊन लागलेल्याला गार करणं बरोबरच, पण आधी श्वास बघा. हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके लागलेत, तर हृदय बंद पडलंय. रक्त थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, तेव्हा बर्फासाठी पळू नका. १०८ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा.

मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून शरीर थंड करण्याचा विषय हृदय पुन्हा सुरू झालं, पण रुग्ण शुद्धीवर आला नाही, तर येतो. आणि तोही आयसीयूत. सिएटलमध्ये ॲम्ब्युलन्समध्येच थंड सलाइन देऊन पाहिलं. जीव काही जास्त वाचले नाहीत. उलट हृदय पुन्हा बंद पडण्याचं आणि फुप्फुसात पाणी होण्याचं प्रमाण वाढलं.

'जितकं गार तितकं बरं' हा समज तर डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता. २००२च्या दोन अभ्यासांनंतर शरीराचं तापमान ३२ ते ३४ अंशांवर ठेवायचं हा दंडकच झाला. २०२१मध्ये मोठ्या अभ्यासात ३३ अंशांची तुलना नुसता ताप न येऊ देण्याशी केली, तर सहा महिन्यांनंतरचे मृत्यू जवळपास सारखेच निघाले. त्यामुळे आता खरा भर ताप चढू न देण्यावर आहे. केवळ थंड करायचं मशीन तिथं आहे म्हणून नाजूक अवस्थेतल्या रुग्णाला पुण्याला हलवणं मला तरी पटत नाही.

सगळ्यात जास्त घोळ हुडहुडीचा. शरीर थरथरून उष्णता तयार करतं, ऑक्सिजनचा खर्च वाढतो आणि केलेली मेहनत पाण्यात जाते. हुडहुडी ठळक दिसेलच असं नाही; जबड्यावर, मानेवर, छातीवर हात ठेवून बघा, ईसीजीची रेघही खरखरीत होते. अशा वेळी आणखी बर्फ लावू नका. पॅरासिटामॉल, मॅग्नेशियम, गुंगीचं औषध आणि हातापायांना ऊब, हा क्रम बरा. नातेवाईक सोलापुरी चादर घेऊन आलेलेच असतात. ती अंगभर नको, सिस्टरना विचारून फक्त हातापायांवर.

काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका. अन्ननलिकेतला किंवा मूत्राशयातला प्रोब, म्हणजे आतलं तापमान मोजणारी बारीक नळी, हवा. आणि मशीनवर रुग्णाचं तापमान छान ३६.५ दिसत असलं, तरी मशीनमधलं पाणी किती गार झालंय तेही बघा. ते बर्फासारखं झालं असेल, तर रुग्णाला ताप आहे, मशीन फक्त तो झाकतंय. जंतुसंसर्ग शोधा.

उलट बाजूनं, ३२च्या खाली घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, रक्त गोठत नाही. पुन्हा उबदार करतानाही घाई नको, तासाला पाव ते अर्धा अंश पुरे. गार केल्यावर रक्तातलं पोटॅशियम उतरतं म्हणून भरमसाट दिलंत, तर ऊब येताना ते वर उसळतं.

नवजात बाळांचं गणित वेगळं. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला सहा तासांच्या आत ३३.५ अंशांवर आणून ७२ तास ठेवतात. पण भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांच्या अभ्यासात फायदा दिसला नाही, थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले : ४२ टक्के, दुसऱ्या गटात ३१. म्हणून इकडे ते सरसकट करू नये.

आणि पहिल्याच दिवशी 'काही आशा नाही' असं नातेवाइकांना सांगू नका. थंड शरीरातून गुंगीची औषधं उशिरा उतरतात. निदान ७२ तास जाऊ द्या.