विमानात मोठं किंवा अवघड सामान नेताय? या चुका टाळा

घरच्या काट्यावर खोका 18 किलो भरला, तिकिटावर 23 किलो लिहिलंय, म्हणजे काम झालं. बहुतेक घोळ या हिशोबातूनच सुरू होतात. विमान कंपनी किलोंबरोबर लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज बघते आणि बऱ्याचदा सगळ्यात लांब बाजूही वेगळी मोजते. चेक-इन सामानासाठी ही बेरीज बहुतेक कंपन्या 158 सेंटिमीटर, म्हणजे 62 इंच धरतात. सायकलचा 140 × 80 × 20 सेंटिमीटरचा खोका घेतला, तर बेरीज 240 होते. वजनात पाच किलो शिल्लक, मापात 82 सेंटिमीटर जास्त.

माप घेण्यातही दोन चुका ठरलेल्या. एक, रिकाम्या खोक्याचं किंवा दुकानदारानं छापलेलं आतलं माप धरणं. भरलेला खोका मधोमध फुगतो, म्हणून टेप फुगलेल्या जागीच लावा. दुसरी, चाकं, मुठी आणि बाहेर आलेले पट्टे सोडून मोजणं. काउंटरवर ते सगळं धरून मोजतात.

वजनात एक आकडा पैशानंही हलत नाही: एका नगाला 32 किलो. तो नग कुणाला तरी हातानं उचलावा लागतो, त्यामुळे जादा पैसे भरायची तयारी असली तरी बहुतेक कंपन्या त्यापुढे चेक-इन सामान म्हणून घेत नाहीत. अशा वेळी दोन नग करा किंवा कार्गोनं पाठवा. पण कार्गोत आकारमानाचं वजन लागतं. घन सेंटिमीटरला 6000 नं भागायचं आणि खऱ्या वजनाहून आकडा मोठा आला तर त्याचे पैसे भरायचे. वरचा 18 किलोचा खोका कार्गोत 37 किलोंच्या वर जातो.

'सायकल नेता येईल का?' असं विचारणं

याचं उत्तर फोनवर जवळपास नेहमी 'हो' येतं, आणि त्याला काही अर्थ नसतो. तिन्ही बाजू, भरलेलं वजन आणि फ्लाइट नंबर सांगून विचारा. होकार बुकिंगमध्ये नोंदवून घ्या आणि लेखी उत्तर फोनमध्ये ठेवा. परतीच्या प्रवासाची नोंद वेगळी करावी लागते, हे हमखास विसरलं जातं.

तिकीट दोन टप्प्यांचं असेल तर लहान विमानाचा टप्पा आधी तपासा. मोठ्या विमानात सामान कंटेनरमधून चढतं. बोईंग 737 मध्ये ते सुटं, हातानं रचतात, आणि सामानकक्षाचा दरवाजा जेमतेम 89 सेंटिमीटर उंच असतो. पंख्याच्या छोट्या विमानांत जागा आणखी तुटपुंजी. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर विमान उडवणाऱ्या कंपनीलाही विचारा. नग प्रत्यक्ष चढवायचा की नाही, हे तिची माणसं ठरवतात.

सायकल: सुटे भाग सैल सोडणं

पॅडल काढताना डावीकडचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या दिशेनं सोडवायला गेलं की पॅडल आणखी घट्ट बसतं. पाना पॅडलच्या आसावर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. या पद्धतीनं दोन्ही बाजू सुटतात. पाना 15 मिलिमीटरचा लागतो, काही पॅडलना आतून 6 किंवा 8 ची ॲलन की.

पुढचं चाक काढलं की फोर्कच्या, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दुशाख्याच्या, दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा स्पेसर अडकवा, नाहीतर वरून दाब आला की ती टोकं आत वाकतात. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असेल तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा. वाटेत ब्रेकचा दांडा दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक बसत नाही. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, बोल्ट सोडून मोकळा करा, फोममध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. खोका आपटला की पहिला मार त्यालाच बसतो.

टायरची हवा काढायला सांगतात. खरं तर सामानकक्षातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो, टायर फुटण्याइतका फरक पडत नाही. पण काउंटरवर हा वाद जिंकून फायदा नाही. हवा कमी करा, पूर्ण काढू नका. थोडी राहिली की रिम वाचते.

बॅटरी चुकीच्या बॅगेत

सामान जागच्या जागी उघडायला लावणारी सगळ्यात नेहमीची चूक ही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत, टोकांवर टेप लावून. मर्यादा वॅट-अवरमध्ये असते, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 20,000 मिलिअँपिअर-अवरची, 3.7 व्होल्टची पॉवर बँक 74 वॅट-अवर होते. 100 पर्यंत साधारण अडत नाही, 100 ते 160 ला कंपनीची आधी परवानगी आणि सुट्या जास्तीत जास्त दोन. त्यापुढे प्रवासी विमानात बंदी. इलेक्ट्रिक सायकलची 36 व्होल्ट, 14 अँपिअर-अवरची बॅटरी 504 भरते, म्हणजे ती घरीच राहणार. सायकल बॅटरीशिवाय न्या आणि पोचल्यावर बॅटरी भाड्यानं मिळते का ते आधी बघा. बॅटरीवरच्या व्हीलचेअरला वेगळे, सैल नियम आहेत, पण किमान 48 तास आधी बॅटरीचा प्रकार आणि आकडा कळवावा लागतो. अंगची बॅटरी न निघणारी 'स्मार्ट' सूटकेस बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

वाद्यं

चेलोसाठी (व्हायोलिनसारखं, पण बरंच मोठं वाद्य) जास्तीची सीट घेता येते, पण वेबसाइटवर दुसऱ्या प्रवाशाच्या नावानं तिकीट काढून नव्हे. फोन करून ती सीट 'सीबीबीजी' या कोडखाली, केबिन सामानाची म्हणून घ्यावी लागते. साधी जादा सीट 'ईएक्सएसटी' कोडची असते आणि ती प्रवाशाच्या स्वतःच्या सोयीसाठी. कोड चुकला की काउंटरवर वाद ठरलेला. चेलोला खिडकीची जागा मिळते, आपत्कालीन दाराच्या रांगेत कधीच नाही, आणि बांधायला एक्स्टेन्शन पट्टा लागतो. त्याहून मोठा डबल बास सीटवर मावत नाही, त्याचा विचार सामानकक्षाचाच.

गिटार सामानकक्षात जाणार असेल तर कडक केस घ्या आणि तारा एक-दोन स्वर उतरवा. पूर्ण सैल करू नका. सर्वाधिक मोड हेडस्टॉकपाशी, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकापाशी, होते: केस पाठीवर पडते, गिटारचं अंग थांबतं, पण हेडस्टॉकच्या मागे मोकळी जागा असल्यानं तो मागे झटका खातो. त्या पोकळीत टॉवेल किंवा टी-शर्ट घट्ट कोंबा. जुन्या वाद्यात हस्तिदंत किंवा ब्राझिलियन रोझवूड असेल तर परदेशी जाताना साइट्सचे (CITES, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागतात. रोझवूडची ही जात 1992 पासून सर्वांत कडक यादीत आहे.

थोडक्यात आणखी काही: कोरडा बर्फ माणशी 2.5 किलो, कंपनीला सांगून, आणि वायू बाहेर पडेल अशा डब्यात. कॅम्पिंगचा स्टोव्ह इंधनाच्या वासासकट धुतलेला हवा, गॅसचं नळकांडं कुठल्याच बॅगेत नाही. अस्थी किंवा रक्षा धातूच्या कलशात नेऊ नका. एक्स-रेत आतलं दिसत नाही, आणि सुरक्षा तपासणीत तो अडतो. लाकडी किंवा प्लास्टिकचा डबा घ्या, मृत्यूचा आणि दहनाचा दाखला हातात ठेवा.

विमानतळावर

मोठ्या सामानाचा पट्टा वेगळा असतो आणि टॅग लागल्यावर तिथपर्यंत आपणच न्यायचं असतं. नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. खोका घरीच चारी बाजूंनी चिकटपट्टीनं जाम करू नका. तपासणीत उघडला गेला तर पुन्हा नीट बंद होत नाही. एक बाजू मोकळी ठेवा, पट्टीचं रीळ हातात असू द्या, आणि आत कसं रचलंय त्याचा फोटो छापून झाकणाच्या आतून चिकटवा.

'नुकसान झाल्यास जबाबदारी मर्यादित' असा टॅग सहीसाठी समोर आला, तर त्यावर कोणत्या चौकटीत खूण केली ते वाचा. पॅकिंग अपुरं आहे, असं लिहिलं असेल आणि ते खरं नसेल, तर सही करण्याआधी बोला. पोचल्यावर खोका नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही, मोठ्या सामानाच्या दारातून येतो. तिथेच उघडा, मोडलं असेल तर बाहेर पडण्याआधी तक्रारीचा क्रमांक घ्या. विमान कंपनीची जबाबदारी ठरवणारा मॉन्ट्रियल करार लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत, उशिराची 21 दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल 28 डिसेंबर 2024 पासून माणशी 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. वस्तू त्याहून महाग असेल तर जास्त मूल्य चेक-इनच्या वेळीच जाहीर करून वरचे पैसे भरायचे असतात, नंतर ते करता येत नाही.