संगणक विकण्यापूर्वी त्यातील माहिती कायमची कशी पुसावी

फाइल डिलीट करून रीसायकल बिन रिकामी केली, किंवा क्विक फॉरमॅट केले, तरी साध्या हार्ड डिस्कवर पुसली जाते ती केवळ फाइलींची नोंद. मूळ मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळवता येतो. म्हणून आवश्यक फाइलींचा बॅकअप घेऊन तो उघडून तपासावा, सर्व खात्यांतून साइन आउट करावे आणि विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या क्रमाने जाऊन 'रीसेट धिस पीसी' निवडावे. तेथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घेतल्यावर 'चेंज सेटिंग्ज'मधील 'क्लीन डेटा' हा पर्याय सुरू करावा. नेमका हाच अनेकदा राहून जातो. यास काही तास लागू शकतात, त्यामुळे चार्जर जोडलेला असावा. हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण पुनर्लेखन, म्हणजे जुन्या मजकुरावर दुसरे काही लिहिणे, सहसा पुरते. पस्तीस वेळा पुसण्याचा जुना सल्ला आता अनाठायी आहे. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, मात्र त्याचे काम चालवणारा कंट्रोलर नवे लेखन वेगळ्याच जागी वळवतो आणि जुना मजकूर मागे राहू शकतो, त्यामुळे तेथे निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधील 'सिक्युअर इरेज' वापरणे अधिक खात्रीचे. ड्राइव्ह नादुरुस्त असल्यास तो काढून ठेवूनच संगणक विकावा.